दोन घरांचा खांब

शीप स्ट्रीटवरचं ते लाकडी सांगाड्याचं घर मूळचं एकाच लोकर व्यापाऱ्याचं. पुढे मधोमध भिंत घालून त्याची दोन झाली. एकात हिल्डाबाई मॉब्जचं चहाचं दुकान, दुसऱ्यात एकटे म्हातारे मिस्टर पेल. दर पिढीनं हिल्डाच्या घराला काही ना काही केलेलं. कुणी पुढून विटा चढवल्या, कुणी ही भली मोठी काच लावली. तरी ती गिऱ्हाइकांना ठसक्यात सांगायची, "आमच्या घराला कुणी हात लावलेला नाही हो!"

यंदा हिवाळ्यात वरच्या मजल्याची मधली भिंत चिरली. हिल्डानं भर दुकानात पेलना धारेवर धरलं.

"तुमच्या त्या नव्या टबाचं ओझं! या वयात कसली आलीय राजेशाही आंघोळ?"

रांगेतली माणसं हसली. पेलचे गुडघे गेलेले. कड ओलांडावी लागू नये म्हणून बाजूला दार असलेला, बसून आंघोळ करायचा तो टब त्यांनी हौसेनं थोडाच बसवला होता? ते शरमेनं लाल झाले, "सॉरी, मिसेस मॉब्ज" म्हणाले आणि त्याच आठवड्यात टब काढून टाकला. शिवाय हिल्डाला मार्मलेडची बरणी आणून दिली.

चीर काही थांबेना. शेवटी सुतार डेन्झिल आला. काउंटरमागची फळी उचकटून त्यानं शीळ घातली.

"बाई, हा खांब कुणी कापला? दोन्ही घरं यावरच उभी आहेत की!"

हिल्डाच्या तोंडचं पाणी पळालं. केकचं थंड कपाट तिथंच हवं म्हणून तिनंच नवऱ्याच्या हातात करवत दिली होती. शेजारी विचारून घेऊ, म्हणाला होता बिचारा. माझ्या घरात मी कुणाला विचारू, असं तिनं त्याला फटकारलं होतं.

"फळी लाव परत," ती पुटपुटली.

"आणि म्हाताऱ्याच्या अंगावर छप्पर पडलं म्हणजे?"

ती तशीच ॲप्रनवर शेजारी गेली. भिंत धरत धरत पेलनी दार उघडलं.

"आमच्याच खांबामुळे चीर पडली. मीच कापायला लावला होता. टब पुन्हा बसवून देते."

"अरेरे, सॉरी! केवढा त्रास तुम्हाला."

"तुम्ही कशाला सॉरी म्हणताय? शिव्या घाला मला!"

पेल गोंधळले. "नको, राहू द्या टब. सिंकपाशी उभ्यानं अंग पुसायची सवय झालीय आता. आत या ना, गारठा आहे."

ते अंग चोरून बाजूला सरकले. हिल्डाच्यानं पाऊल उचलवेना.