पहिला हात

सरिताच्या उजव्या खांद्यातून कळ निघाली, तरी तिनं रवी थांबवली नाही. द्वारका चौकाच्या अलीकडे त्यांचं केटरिंगचं स्वयंपाकघर. चुलाणावर आमटीची डाळ रटरटत होती आणि पातेलं एवढं खोल, की स्टुलावर चढल्याशिवाय तळ दिसत नसे. नवरा मनोज होता तेव्हा दोघं मिळून घोटायचे. तो गेला आणि धंदा धाकट्या दिराकडे, किशोरकडे आला. रवी मात्र सरिताकडेच राहिली.

"भाऊजी, हॅण्ड ब्लेंडर घ्या ना आता. हॉटेलवाले वापरतात ना, लांब दांड्याचा, तसा." हे ती किती वेळा म्हणाली असेल! कधी लग्नसराई आड यायची, कधी दिवाळी. शेवटी डॉक्टरांनी खांदा बघून तंबी दिली, तेव्हा कुठे किशोर हलला.

दुकानात जायच्या दिवशी सरिता चपला घालून तयार होती. तेवढ्यात सासूबाई, अक्काबाई, दारात आडव्या आल्या. माहेर चांदवडकडचं, बोली अजून तिकडचीच.

"तू कुठं निघाली? नवी वस्तू हाय. पहिला हात सवाष्णीचा लागतो. मोहिनी जाईल."

"आई, वापरायचा मला आहे."

"मग वापर की, नाय कोण म्हणतंय? पण घेताना तू नको. आपला धंदा लग्नाकार्याचा. लोक लय बघतात."

सरितानं किशोरकडे पाहिलं. तो हातात गाडीची किल्ली असताना खिशात किल्ली शोधत होता.

मोहिनी ही किशोरची बायको. ब्युटी पार्लर चालवणारी, स्वभावानं गरीब, पण त्या पातेल्यापाशी जन्मात उभी न राहिलेली. उंटावरून शेळ्या हाकायला सांगितल्या तर दुसरं काय होणार? दुकानदारानं लांब दांड्याचं मशीन तिच्या हातात दिलं आणि तिचं मनगटच खाली गेलं. "बाई गं, केवढं जड!" म्हणत तिनं शेजारचं आखूड, हलकं, लालचुटुक मशीन उचललं. किशोरलाही ते देखणं वाटलं. घरी आल्यावर हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि मगच ते सरिताच्या पुढ्यात ठेवलं गेलं.

"एवढासा दांडा? हा तळाला पोचणार कसा, भाऊजी? बदलून आणा."

"आता पूजा झालीय, वहिनी. आई परत नेऊ देणार नाही. करा ना थोडं ॲडजस्ट."

ॲडजस्ट! आपल्या घरांतल्या किती बायकांचे खांदे या एका शब्दाखाली गेले असतील, देव जाणे. सरितानं संतापानं मशीन खोक्यात परत कोंबलं.

पुढच्याच एका लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमटीची तयारी चालली होती. वऱ्हाड मोठं होतं. सरिता स्टुलावर चढली, वाकली, कोपरापर्यंत हात वाफेत घातला, तरी पातं वरच्यावरच फिरत होतं. खाली डाळीच्या गाठी तशाच. दांडा अजून खाली न्यावा तर मोटार बुडते. तिनं पातेल्याच्या कडेशी मशीन थोडं तिरकं केलं. पातं उघडं पडलं आणि उकळत्या डाळीचा फवारा उडाला. सरिताची किंकाळी बाहेर रस्त्यापर्यंत गेली.

मोहिनीनं धावत येऊन तिचा हात नळाखाली धरला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक झाली होती. अक्काबाई पाठोपाठ आल्या. त्यांनी आधी मशीनकडे बघितलं, मग सरिताकडे.

"तरी मी म्हणत होते. नव्या वस्तूला नको तो हात लागला की असं व्हतं."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. रिवाजापायी चुकीची वस्तू घरात आली, तिनं विधवेचा हात भाजला, आणि त्याच भाजलेल्या हातानं रिवाज खरा ठरवला!

सरितानं नळ बंद केला.

"आई, माझा हात वाईट ना? मग ही डाळ मीच निवडली, मीच शिजवली. श्रीखंडाचा चक्का माझ्याच हातचा. ओता सगळं गटारात. नवरीच्या ताटात कशाला वाढता?"



"वहिनी, उद्या लग्न आहे लोकांचं," किंकाळी ऐकून आलेला किशोर काकुळतीला आला.

"माहीत आहे मला. म्हणूनच सांगते, भाऊजी. दवाखान्यातून मी सरळ दुकानात जाणार. मशीन मी धरून बघणार, मी घेणार. ते मान्य नसेल तर चढा स्टुलावर, आणि घोटा."

किशोरनं पातेल्यावर झाकण सरकवलं. बोलली ती मोहिनी. "ताई, मला जड लागलं म्हणून मी ते आखूड घेतलं. पातेलं डोळ्यापुढे आलंच नाही माझ्या. चला, मी येते. पण यापुढे मला पहिल्या हाताला बोलवायचं नाही."

"अगं, तू तरी..." अक्काबाई म्हणाल्या. तोवर दोघी जावा रिक्षात बसल्या होत्या.

दुकानात पट्टी बांधलेला हात छातीशी धरून सरितानं डाव्या हातानं एकेक मशीन तोलून पाहिलं. सुरुवातीला हळू फिरतं का, दांडा धुवायला सुटा होतो का, पातेल्याच्या काठावर टेकवायला आधार मिळतो का, सगळं विचारलं. लांब दांड्याचं मशीन तिलाही जडच लागलं. तिनं ते आधारासकट घेतलं आणि घरी आणून कुंकवाची वाट न बघता थेट पातेल्यात उतरवलं. मोहिनीनं दुसऱ्या बाजूनं मूठ धरली. अक्काबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात फिरकल्या नाहीत. त्या बदलल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाडानं आमटी भुरके मारत संपवली, पुन्हा मागून घेतली. ही कुणाच्या हातची, असं पंगतीत एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं आणि खरं उत्तर मिळालं असतं, तर किती जणांनी वाटी खाली ठेवली असती? आणि वाचकहो, तुम्ही?