धावता अभ्यास

...चिठ्ठीचा फडफडणारा कोपरा. सायकलच्या हँडलला कपड्यांच्या चिमट्याने अडकवलेली प्रश्नोत्तरांची चिठ्ठी, आणि मागे न बघताही चारूला तिचा आवाज ऐकू येत होता – म्हणजे अण्णा जवळच आहेत, आता प्रश्न येणार. ब्याऐंशीचा डिसेंबर, वाशीचे नवे रस्ते, दोन्हीकडे रिकामे प्लॉट, खाडीचा वास. पुढे ती धावणार, मागून वडील जीवशास्त्र विचारणार. उत्तर देताना धाप लागली तर वेग चुकला, उत्तर अडलं तर अभ्यास कच्चा – एका दगडात दोन पक्षी, ही पद्धत मंत्रालयात टिपणं लिहिणाऱ्या अण्णांचीच!

"रक्त गोठायला काय लागतं?"

"कॅल्शियम... प्लेटलेट्स..."

"बरोबर."

आठशे मीटर धावण्याचं शिबिर जानेवारीत, पुण्याला, एकवीस दिवस. मार्चमध्ये बारावी, आणि मेडिकलची अ‍ॅडमिशन एकेका मार्कावर अडणारी. शिबिराचा फॉर्म, अण्णांची सही हवी म्हणून, चार दिवस दप्तराच्या तळाशी. अण्णा नाहीच म्हणणार – म्हणू देत, मग मी रडेन, दोन दिवस जेवणार नाही, आणि शेवटी... शहाण्या मुलीसारखी अभ्यासाला बसेन. भांडणातली सगळी वाक्यं तिने पाठ केली होती, जीवशास्त्रापेक्षा पक्की.

"बेडकाच्या हृदयाला कप्पे किती?"

तीन. झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण डोकं पुण्याला होतं, आणि तोंडातून गेलं, "चार."

"बरोबर. खांदे सैल सोड गं."

ती थांबलीच. अण्णांची नजर चिठ्ठीवर नव्हती. तिच्या धावण्यावर होती. कधीपासून? किती चुकीची उत्तरं अशी बरोबर झाली असतील, देव जाणे! तिला हसू आलं, आणि या लबाड माणसाबद्दल माया दाटून आली.

"थांबलीस काय?" पाय टेकत अण्णा म्हणाले. "आणि तो फॉर्म... जर्नलला कव्हर घालताना दिसला. परवाच सही केलीय. जायचं की नाही, तू ठरव."

"मेडिकल हुकलं तर?"

"तर हुकलं," अण्णा म्हणाले. पण चिठ्ठीचा चिमटा उगाच सरळ करत.

ती पुन्हा धावू लागली. पाठ केलेलं एकही वाक्य आता कामाचं नव्हतं. नाही म्हणायचं तर ते मलाच म्हणावं लागणार... आणि हो म्हणायचं, तरी मलाच. मागून पुढचा प्रश्न आला. तिने वेग वाढवला. आयुष्यात पहिल्यांदा ती अण्णांवर खरीखुरी रागावली होती – त्यांनी अडवलं नाही म्हणून.