मळ कुठे बसतो

नवे कपडे जुने करणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते. पण टीव्हीच्या मालिकेत जेवढे भिकारी, हमाल, चोर आणि नवऱ्यानं हाकललेल्या बायका दिसतात, त्यांचे कपडे आदल्या दिवशी दुकानातून कोऱ्या घडीत आलेले असतात आणि माझ्या टेबलावर पडतात. मी कोपरांवर किसणी फिरवते. गळपट्टीला सँडपेपर घासते. खिशात दगड भरून वाफ देते, म्हणजे खिसे लोंबतात. काखेत चहाचं पाणी, कडांना कॉफी, आणि वरून ग्लिसरीनमध्ये कालवलेली मातकट रंगाची पूड. हे मला कुणी शिकवलं नाही. मी शिवणकामालाच लागले होते. एकदा एका हमालाचा सदरा मळवायला कुणी मोकळं नव्हतं, मी मळवला, तो सगळ्यांना आवडला आणि तिथंच फसले. युनिटमध्ये मला धूळमावशी म्हणतात.

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी तिची लेक टीव्हीसाठी कपडे शिवते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी उकळलेल्या बाईला, मी कपडे मळवून पोट भरते, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

आम्ही पलीकडचे. म्हणजे आजोबा नदी ओलांडून या शहरात आले तेव्हा इथल्यांनी ते नाव दिलं. नदीवर तेव्हापासून तीन पूल झाले, आमच्या तीन पिढ्या अलीकडे जन्मल्या, तरी आम्ही पलीकडचेच. मालिकेत पलीकडचं माणूस आलं की माझं टेबल भरतं. मोलकरीण, पाकीटमार, पोर पळवणारी म्हातारी. अकरा वर्षांत एकाही पलीकडच्याला इस्त्रीचा कपडा मिळालेला मी पाहिला नाही. त्या भूमिका करणारे नट अर्थात आमच्यातले नसतात. आमच्यातली तिथं मी एकटी, आणि मी पडद्यामागे किसणी घेऊन.

आईचा एक अंगरखा आहे. पांढरा, गुडघ्याखाली जाणारा, गळ्याशी आणि बाह्यांच्या कडांना निळ्या धाग्यानं साखळी टाक्यात भरलेली पानं. पानं तिची तिनंच काढली, त्यामुळे ती कुठल्याच झाडाची नाहीत. असे अंगरखे आमच्या आज्या रोज घालायच्या. आता आईच्या वयाच्या चारदोघींकडे उरलेत. आई तो फक्त बाहेरच्या कामांना घालते. बँक, कचेरी, दवाखाना. माझ्या शाळाप्रवेशालाही हाच होता. शिपायानं आमच्यातल्या बाकी बायकांना फाटकाशी थांबवलं आणि आईला म्हणाला, "तुम्ही या आत." ती गोष्ट ती अजून सांगते. "खळ अशी कडक घातली होती, हात हलवला की बाही वाजायची!" तिचा विचार सरळ होता. आपल्याला दारात अडवतात. कपडा झगझगीत असला की अडवणाऱ्याची जीभ जरा अडखळते, तेवढ्यात आत शिरायचं. मी एकदा म्हटलं होतं, "मग साधा पांढरा घाल की. पानं कशाला? ओळखू तरी येणार नाहीस."

"चोरून शिरायचंय का मला?" आई म्हणाली होती.

तर झालं असं, की आमच्या मालिकेवर नवी दिग्दर्शिका आली. तरुण, हसरी, सगळ्यांना नाव घेऊन चहा विचारणारी. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "ताई, खूश व्हा! आपल्याकडे पहिल्यांदा पलीकडची चांगली बाई येतेय. सुईण आहे. चाळीस भाग आहे. आणि मला सगळं अस्सल हवंय. तुमच्या घरी असेल ना ते निळ्या नक्षीचं काहीतरी?"

मी खूश झाले, हे कबूल करते. त्याच दिवशी जेवताना आईला सांगितलं. आईनं घास ताटात ठेवला, हात धुतले आणि कपाट उघडलं. अंगरखा धुतलेलाच होता, तो तिनं पुन्हा धुतला. खळ, इस्त्री, पातळ कागदात घडी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरच्या मावशीला कळलं, म्हणजे अख्ख्या जिन्याला कळलं.

"चाळीस दिवस टीव्हीवर तुझा अंगरखा!" मावशी म्हणाली. "आता आम्हाला ओळख देशील ना?"

"बघू," आई म्हणाली, "वेळ मिळाला तर."

दिग्दर्शिकेनं घडी उलगडली आणि खरोखर तिचे डोळे चमकले. "किती सुंदर आहे!" मग जरा लांब धरून पाहिला. "पण फार स्वच्छ आहे हो."

"सुईण आहे ना ती?" मी म्हटलं. "सुईणीचा कपडा स्वच्छच असणार. नाहीतर कोण तिला बाळंतिणीला हात लावू देईल?"

"तुमचं बरोबर आहे, ताई. शंभर टक्के. पण प्रेक्षकांना ती शिक्षिका वाटेल. पलीकडची वाटायला हवी."

"निळी पानं आहेत की."

"पानं कुणाला कळतात? मळ कळतो." आणि ती माझ्या दंडाला हात लावून हसली. मनानं वाईट नव्हती. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

ती गेल्यावर मी अंगरखा कागदात गुंडाळला. कपडेपटाचे प्रमुख, आमचे मास्तर, हँगर मोजत होते. मला म्हणाले, "बाई, एवढं काय मनाला लावून घेता? मळवा आणि शूटिंग संपलं की धुऊन टाका. आई तुमची धुलाईघरातलीच आहे ना!"

"मास्तर, हा नाही. मी दुसरा शिवते."

"तीन दिवसांत?"

"तीन दिवसांत."

शिवला. बाजारातलं पांढरं कापड, निळा धागा, आईची पानं कार्बन कागदानं उतरवून घेतली. गळ्याच्या मागच्या बाजूची पानं सोडून दिली, कारण पलीकडच्या बाईला कॅमेरा पाठीकडून कशाला दाखवतोय? अंगरखा झाला तेव्हा इतका छान दिसला, की मी तो पाच मिनिटं हँगरला लावून नुसता बघत बसले. मग किसणी घेतली.

आधी मी माझ्या पद्धतीनं मळवला. खरा मळ कामाच्या जागी बसतो. सुईण बाह्या वर सारते, तर कोपराशी चुण्या. गुडघ्यावर टेकते, तर तिथं घासल्याची झाक. एका कडेला औषधाचा पिवळा ठिपका. बास. दिग्दर्शिका म्हणाली, "छान आहे, पण दिसत नाहीये. इथं द्या ना," आणि स्वतःच्या छातीवर तळहात ठेवला. "आणि गळ्याशी. आणि बाह्यांवर जरा ते... काळपट."

मी दिलं. छातीवर, गळ्याशी, पानांवर. हात शिकलेला असतो, तो मालकाला विचारत नाही. काम उत्तम झालं. सगळ्या बाजूंनी फोटो काढून भिंतीला लावले, म्हणजे चाळीस भाग मळ जागचा हलणार नाही.

आईचा अंगरखा मी पिशवीत घालून घरी आणला आणि माझ्या कपाटात वर ठेवला. तिला म्हटलं, शूटिंगला लागतोय. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी स्वतःला समजावलं, की कपडा तर वाचलाय. सांगायचं ते सांगू सावकाश.

भाग दाखवला जाणार होता त्या संध्याकाळी सात वाजता आमच्या खोलीत नऊ बायका होत्या. खुर्च्या चार, बाकीच्या पलंगावर आणि खाली. आई टीव्हीच्या अगदी समोर, केस विंचरून, जणू तिथून तिलाही कुणी पाहणार होतं.

बाळंतिणीच्या घराचं दार वाजलं. दार उघडलं. सुईण आली.

मावशीच्या तोंडून निघालं, "अगं बाई, हिला साबण कुणी दिला नाही का?" एकदोघी हसल्या आणि तेवढ्यात कॅमेरा बाहीवर गेला, पानं अख्खा पडदाभर झाली, आणि हसणाऱ्या थांबल्या. ती पानं जिन्यातल्या प्रत्येकीनं दोरीवर वाळताना पाहिली होती.

"हा तुझाच की गं," मावशी हळू म्हणाली.

पडद्यावर घरची सासू दार अडवून उभी होती. "हात तरी धुऊन आलीस का?" तिनं विचारलं. सुईणीनं मान खाली घातली. हे वाक्य मूळ लिखाणात नव्हतं. कपडा पाहून सुचलं असणार.

सगळ्या आईकडे बघत होत्या. आई टीव्हीकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. मला ते बघवेना. मी उठले, कपाटाकडे धावले आणि कागद टराटरा फाडून अंगरखा सगळ्यांसमोर उंच धरला. "हा बघा! हा इथं आहे. आईचा हा आहे, पांढरा स्वच्छ. तो टीव्हीतला वेगळा आहे!"

बायकांनी सुस्कारा सोडला. आईनं नाही.

"तो कुणी शिवला?" तिनं विचारलं.

"मी."

"पानं कुणाची?"

"तुझी. उतरवून घेतली."

"आणि मळवला कुणी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नऊ बायका, टीव्हीवर जाहिरात लागलेली, आणि मी अंगरखा उंच धरून उभी.

"मीच," मी म्हटलं. "तेच काम आहे माझं."

मावशीनं सगळ्यांना चपला शोधायला लावल्या. त्याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे.

बायका गेल्यावर आईनं विचारलं, "कशानं करतेस?" मी सांगितलं. चहा, कॉफी, ग्लिसरीन, पूड. ती लक्ष देऊन ऐकत होती, जसं धुलाईघरात नवी पावडर आल्यावर ऐकत असेल. "चहा निघतो," ती म्हणाली. "ग्लिसरीनही निघतं, गरम पाण्यात. घेऊन ये तो, मी धुते."

"नाही धुता येत, आई. उद्या तोच मळ त्याच जागी लागतो. धुतला तर मला पुन्हा मळवावा लागेल."

"म्हणजे चाळीस दिवस ती बाई कपडे धुणार नाही?"

"नाही."

"बाळंतपणं करतेय आणि धुणार नाही?"

"नाही गं."

"कठीण आहे," आई म्हणाली, आणि झोपायची तयारी करू लागली.

माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर मी सोडलं असतं ते काम, असं मी अजून स्वतःला सांगते. मालिका चालली. सुईण लोकांना आवडली, दिग्दर्शिकेचं कौतुक झालं. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे किती खरं वाटतं!"

पंधराएक दिवसांनी आई चष्म्याचा नंबर तपासायला गेली. नेहमीप्रमाणे अंगरखा घालून. मी कामावरून आले तर ती पलंगाच्या कडेला बसली होती, अजून त्याच कपड्यात.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"नंबर वाढलाय." मग जरा थांबून, "तिथली ती नावं लिहिणारी मुलगी. गोड आहे पोरगी. मला बघून एवढी हसली, म्हणाली, अय्या, अगदी आमच्या सुईणबाई! आमच्या घरी सगळे बघतात. बाजूच्यांनाही बोलावलं बघायला."

"मग?"

"मग ती हात स्वच्छ करायची बाटली पुढे केली. म्हणाली, तेवढं लावा हं आजी."

"सगळ्यांनाच सांगतात गं हल्ली."

"माझ्या पुढं तिघं होती. त्यांना नाही सांगितलं." आईनं बाही सरळ केली. "मी दोनदा लावलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा ती बघत नव्हती."

आई उठली, कपडे बदलले, आणि अंगरखा व छोटी कात्री घेऊन माझ्यापुढे बसली.

"उसव," ती म्हणाली.

"काय उसवू?"

"पानं."

"आई, वेड लागलंय का तुला? चाळीस वर्षांपूर्वीचं काम आहे."

"पांढरा अंगरखा कुणीही घालतं. त्याला कुणी काही म्हणत नाही."

"मी नाही उसवणार."

"मळवायला हात चालला," आई शांतपणे म्हणाली, "उसवायला चालत नाही होय?"

मी कात्री घेतली. साखळी टाक्याचं असं असतं, की नेमकं टोक सापडलं तर अख्खी ओळ सरसर निघते. कुठलं टोक कुठं दाबलंय हे आईला पाठ होतं. ती बोट ठेवायची, मी कातरायची, ती ओढायची. गळ्याला अर्धा तास लागला. बाह्यांना त्याहून कमी. निळ्या धाग्याचा एवढासा बोळा झाला, तो तिनं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं.

पण इतक्या वर्षांच्या धुण्यात निळा रंग कापडात थोडा उतरला होता. पानांच्या जागी फिकट रेघा राहिल्या. आईनं गरम पाणी केलं, धुलाईघरातली पूड टाकली, अंगरखा भिजत घातला, चोळला, पुन्हा भिजत घातला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर इस्त्री केली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला.

"अजून दिसतंय का गं?"

दिसत होतं. पानं होती तशी, सगळी, एकेक देठासकट.

"नाही," मी म्हटलं.

"नीट बघ." तिनं तो खिडकीशी नेला. "उजेडात बघ. ते लोक उजेडात बघतात."