चुकांचा शनिवार

"हा हिरवा पूर्वीसारखा राहिलेला नाही," इझलवरच्या चित्रामागे विकन्स साहेब पुटपुटत होते. "लंडनचे दुकानदार भेसळ करायला लागलेत."

मी त्यांच्यापासून चार हातांवर, मांडीवर टोपली घेऊन बसले होते. फेब्रुवारीत वाटाण्याच्या शेंगा कुठून येणार, म्हणून टोपलीत चिंध्या होत्या. शेंगा साहेब मनानेच भरायचे. चित्रासाठी बसलेल्या बाईने बोलायचं नसतं. पण त्यांच्या हातातली नळी मला नीट दिसत होती. तिच्यावरचा कागद वाचताही येत होता, कारण मी अक्षरं शिकले तीच मुळी त्यांच्या रंगांच्या नळ्या पुसता पुसता. नळी तपकिरी रंगाची होती.

एकोणतीस वर्षांपूर्वी साहेब आमच्या ससेक्समधल्या खेड्यात आले ते आठ दिवसांसाठी, आणि राहिलेच. मी तेव्हा सतरा वर्षांची, टप्परांची केझिया. त्यांनी मला गाय पिळायला बसवलं आणि पाच दिवस हलू दिलं नाही. खिडकीचा उजेड छान पडतो म्हणून बसवलं गाईच्या डाव्या अंगाला. आमच्याकडे कोणीही, अगदी झिंगलेला माणूससुद्धा, उजव्याच अंगाला बसतो. गाईलाही ते पटलं नव्हतं. दोनदा तिने बादली उडवली. चित्र लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात लागलं, लोकांनी गर्दी केली, आणि मग कोण्या जमीनदाराने वर्तमानपत्रात लिहिलं की या चित्रकाराने गाय फक्त जेवणाच्या ताटातच पाहिलेली दिसते. लंडन महिनाभर हसत होतं.

साहेब परत आले ते तडक आमच्या दारात. तुला माहीत होतं का, विचारलं. मी म्हटलं, होतं. मग बोलली का नाहीस? मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात, हलू नकोस.

ते जायला वळले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी हल."

तेव्हापासून आमच्या गावात चुकांचा शनिवार सुरू झाला. चित्र लंडनला जायच्या आधीच्या शनिवारी ते कोठारात उभं करायचं, सगळ्या गावाने यायचं आणि चुका काढायच्या. खऱ्या चुकीला एक मग बिअर. आमच्या लोकांनी चर्चमध्ये कधी एवढं लक्ष दिलं नसेल. गाडीवान एनोस बजन म्हणजे यातले सगळ्यांचे गुरू. घोड्याच्या गळ्यातला पट्टा उलटा, कापणीच्या शेतात वसंतातलं फूल, सकाळच्या चित्रात संध्याकाळची सावली... एनोसकाका एकेक चूक काढायचे आणि डुलत घरी जायचे. साहेब रविवारी बसून दुरुस्त्या करायचे, हसत. त्यांचं नाव झालं ते असं. त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती कुठल्या कुठल्या दिवाणखान्यांत लागल्या.

चित्रातलं सगळंच खरं असायचं असं नाही. ते जुन्या वळणाचे चुणीदार झगे गावात कोणी घालत नव्हतं, ते साहेबांच्याच पेटाऱ्यातून निघायचे. आणि त्यांच्या चित्रात माझं छप्पर कधी गळलं नाही. त्याला चूक म्हणायचं नाही, एवढं आम्ही सांभाळून घेत होतो. मी आधी गवळण होते, मग नवी नवरी, मग पाळणा हलवणारी आई. लग्न मात्र राहूनच गेलं. यंदा बढती मिळून आजी झाले.

थिओडोरा बाई, साहेबांची थोरली बहीण, शुक्रवारी मनुक्यांचा केक घेऊन घरोघर फिरल्या. प्रत्येक दारात एकच सांगणं, यंदा चूक काढू नका. साहेबांचा चष्मा सापडत नाही या सबबीवर वर्षभर त्याच त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होत्या, जेवताना मिठाची वाटी गुपचूप त्यांच्या हाताशी सरकवत होत्या. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, शेवटचंच चित्र आहे त्याचं, जाऊ दे गं. लंडनचे लोक जुन्या नावाचा मान ठेवतील. मी केक घेतला. तो तसाच फडताळात ठेवला, पण तो दोष केकचा नव्हता.

शनिवारी कोठार भरलं. चित्रावरचं कापड साहेबांनी स्वतः ओढलं.

कुरण गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचं होतं. आभाळ फिक्या चहासारखं. दारात बसलेल्या आजीचा एप्रन चिखलात बुडवून काढल्यासारखा. साहेबांचा चेहरा तेवढा उजळला होता. जूनमधली सकाळ आहे, असं त्यांनी सांगितलं.

लोक एकेक करून पुढे आले, टोप्या काढल्या, छान आहे म्हणाले आणि मागे सरले, मयताला येतात तसे. बिअरचं पिंप भरलेलंच राहिलं. साहेबांचं हसू हळूहळू आटत गेलं.

"एनोस, आहेस ना रे?"

"आहे की साहेब."

"मग तुझा मग कोरडा कसा?"

एनोसकाका गांगरले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की नको तितकं बोलतो. "यंदा चूकच नाही, साहेब. त्या ओढ्याकाठच्या गाई बघा की, दोघी कशा झोकात उभ्या आहेत."

"ते गवताचे ढीग आहेत, एनोस."

साहेब चित्राजवळ गेले, इतके की नाकाला रंग लागला. सोमवारी एनोसच्या गाडीतून पेटी स्टेशनवर जायची आहे, हे त्यांनी उगाचच सांगितलं. मग कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं, की इतक्या वर्षांत बिनचुकीचं चित्र मला एकदाही जमलं नाही, ते आजच कसं जमलं?

थिओडोरा बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांची मान अगदी जराशी हलली. नको. मला महिनाभर हसणारं ते लंडन आठवलं. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता ती सबब उरली नव्हती.

मी जागची हलले. साहेबांपाशी गेले आणि माझ्या एप्रनचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"याचा रंग कोणता, साहेब?"

त्यांनी ते डोळ्यांशी धरलं, उजेडाकडे वळवलं, पुन्हा डोळ्यांशी धरलं.

"तपकिरी," ते म्हणाले.

"निळा आहे. आणि चित्रातलं कुरण हिरवं नाही, ते तपकिरी झालंय. दुकानदारांनी कसलीही भेसळ केलेली नाही." मी एप्रनचं टोक त्यांच्या हातातच राहू दिलं. "साहेब, तुम्हाला आता दिसत नाही."