खिडकीतले कुत्रे

डेन्मार्कमधल्या ड्राओरच्या बंदरालगतची आमची वस्ती इतकी दाटीची आहे, की समोरच्या घरात कॉफी उकळली तर तिचा वास आधी आपल्याकडे येतो. त्यामुळेच असेल, आम्ही एकमेकांना फारसे काही विचारत नाही. कळायचे ते खिडकीवरून कळते.

नेल आत्याच्या खिडकीत चिनी मातीचे दोन पांढरे कुत्रे होते, इथल्या बहुतेक खलाशांच्या घरांत असतात तसेच. घरधनी समुद्रावर गेला की त्यांची तोंडे बाहेर वळवायची. तो परतला की आत. आत्याचे यजमान पेडरकाका अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात समुद्रावर गेले. ते आले नाहीत, बोटही सापडली नाही, आणि कुत्रे बाहेर पाहत राहिले. आत्या दर शनिवारी त्यांची धूळ पुसे आणि जसे होते तसे ठेवी. मी तिच्याकडे राहायला आलो त्याला चार वर्षे झाली. एवढ्या काळात त्या कुत्र्यांविषयी आमच्यात एक शब्दही झाला नव्हता. न बोलणे मला सोपे जाते. तिलाही जात असावे.

गल्लीच्या टोकाला, निळ्या दाराच्या घरात डिर्ककाका राहत. परक्या जहाजांना सामुद्रधुनीतून वाट दाखवण्यात त्यांचा जन्म गेला होता. रोज दुपारी तीनला ते आत्याच्या दाराशी येत. आमची दारे दोन फळ्यांची. वरची दिवसभर उघडी, खालची बंद. वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे ते खालच्या फळीवर ठेवत आणि बाहेर उभ्याउभ्याच एक कप कॉफी घेत. आत कधी आले नाहीत. एकदा धक्क्यावर ते मला आपणहून म्हणाले होते, "कुत्रे बाहेर बघतायत तोवर मी आत येणार नाही, येर्ट. ती ज्याची वाट बघतेय, त्याच्या घरात मी कसा बसू?"

जूनमधल्या एका सोमवारी आमच्या माडीवरच्या भाड्याच्या खोलीत आठवड्याभरासाठी लाउरिट्स नावाचा पाहुणा उतरला. जटलंडच्या ऐन मध्यावर डुकरे पाळणारा, तांबड्या दाढीचा, साठीचा गडी. समुद्र तो पहिल्यांदाच निवांत पाहत होता. त्याला सगळ्याचे कुतूहल. घरे पिवळीच का, गल्ल्या वाकड्या का, भिंतीलगत फुलझाडे एवढी उंच का वाढतात. मी जुन्या टेहळणी मनोऱ्यावर तिकिटे देतो. असे प्रश्न मला दिवसातून वीसदा येतात आणि वीसही वेळा मी खाली बघून उत्तर देतो. लाउरिट्सला त्याचे काही नव्हते. तो म्हणाला, "तू बोलतोस कमी, पण पोचतं."

बुधवारी तीन वाजून गेले आणि डिर्ककाका आले नाहीत. गुरुवारीही नाही. आत्याने दोन्ही दिवशी दुसरा कप मांडला आणि चार वाजता उचलून ठेवला.

"गुडघा दुखत असेल त्याचा," ती कपाकडे बघत म्हणाली.

कोपऱ्यावर समोरच्या ट्राईन मावशींनी मला अडवले. "काय रे, केक कधी कापायचा?"

"कसला केक?"

"बघा, त्याच घरात राहतो आणि पत्ता नाही याला. अरे, कुत्रे आत वळलेत तुमच्या खिडकीतले, म्हणजे नवा घरधनी आला की. मंगळवारपासून. आणि दारातले ते बूट! बोटीला नांगर म्हणून चालतील."

मी वळून पाहिले. खिडकीत दोन पांढऱ्या पाठी होत्या.

लाउरिट्स राय धान्याच्या काळ्या पावावर लोणी फासत बसला होता. मी विचारले, तर तो खुशीत म्हणाला, "मीच फिरवले. सकाळी कॉफी प्यायला बसलो, तर समोर दोन ढुंगणं. आमची डुकरंसुद्धा पाहुण्याकडे तोंड करून उभी राहतात."

मी तसाच निळ्या दाराकडे गेलो. कुणाच्या दारावर आपणहून थाप मारण्याची माझ्यावर वर्षातून एखादी वेळ येते, आणि तेवढ्यासाठीही मी आधी धक्क्यापर्यंत चक्कर मारून येतो. डिर्ककाका बॅग भरत होते.

"उद्या चारच्या गाडीनं निघतोय," ते म्हणाले. "बहीण बोलावतेय कधीची. तिच्याकडे खोली रिकामीच आहे."

"किती दिवस?"

"खोली भाड्याची नाही, येर्ट. दिवस मोजावे लागत नाहीत."

"तो नुसता पाहुणा आहे," मी म्हणालो. "कुत्रे त्यानंच फिरवले. त्याला माहीत नव्हतं."

त्यांनी खिडकीबाहेर बसवलेल्या छोट्या आरशाकडे बोट केले. असा आरसा इथे अनेक घरांना असतो. खुर्चीत बसून सगळी गल्ली दिसते. त्यात आमची खिडकी होती, पुस्तकातल्या चित्राएवढी.

"त्यानं फिरवले असतील," ते म्हणाले. "पण तिनं परत फिरवले नाहीत. आज तिसरा दिवस."

ते मोजे घडी करू लागले. "तुला तिनं पाठवलं का?"

"नाही."

"मग घरी जा, बाळा."

शुक्रवारी मी मनोऱ्यावर गेलो नाही. सकाळभर स्वयंपाकघरात उगाच वावरलो. आत्या बटाटे सोलत होती. बोलायचे वाक्य मी मनात इतक्यांदा रचले, की शेवटी त्यातला एकही शब्द राहिला नाही, आणि तोंडून भलतेच आले, "कुत्रे आत बघतायत."

"मंगळवारी सकाळीच पाहिलं मी."

"मग?"

"हात पुढे केला होता." तिने सुरी खाली ठेवली. "पण बरं वाटलं रे. अकरा वर्षं घरात कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. तू तर ताटात बघतोस."

मी ताटात नव्हतो बघत, पण बटाट्यांकडे बघत होतो. तसेच बघत मी सांगून टाकले: आरसा, बॅग, चारची गाडी, ट्राईन मावशींचा केक, आणि काका आत का येत नाहीत तेही.

आत्याने हात धुतले, पुसले आणि ती खिडकीशी गेली. कुत्रे बाहेर फिरवले तर काय होईल, ते मला दिसत होते: पुन्हा पेडरकाका, पुन्हा फळीवरची कॉफी, तीही मिळाली तर. आत तसेच ठेवले तर चारची गाडी. तिने एकेक कुत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि तिरका ठेवला. ना बाहेर, ना आत. दोघांची तोंडे काचेतून गल्लीभर सरळ, निळ्या दाराकडे. मागे सरून तिने पाहिले आणि डावा अजून बोटभर वळवला.

मग ती बटाट्यांकडे परतली. मी मात्र घड्याळासमोरून हललो नाही. तीनला पाच कमी असताना ट्राईन मावशी काही काम नसताना आपली पायरी झाडू लागल्या. तीन वाजले. तीन वाजून गेले. आत्याने कप मांडलाच नव्हता.

सव्वातीनला फळीवर वर्तमानपत्राचे पुडके आले. डिर्ककाकांच्या दुसऱ्या हातात बॅग होती.

"आज उशीर झाला," ते म्हणाले. "मासेवाल्याकडे गर्दी."

आत्याने खालच्या फळीची कडी काढली. खाऱ्या वाऱ्याने ती गंजली होती. दोनदा ओढावी लागली. "मासे आत घेऊन या, डिर्क. इथे मांजर टपलेलं असतं."

त्यांनी पाय पुसले, बराच वेळ पुसले. "ही बॅग?"

"जिन्याखाली ठेवा. लाउरिट्सचे बूट सरकवा जरा."

तेवढ्यात लाउरिट्स माडीवरून उतरला, खिडकीशी थबकला आणि नाराज झाला. "कुत्र्यांना कुणी हात लावला? आता भिंतीकडे का बघतायत हे?"

"भिंतीकडे नाही," मी म्हणालो.

त्याला दाखवावे म्हणून मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला तो छोटा आरसा उन्हात चमकत होता. पण त्यात बघणारे कुणी आता तिथे नव्हते. ते आमच्या टेबलाशी, आत्याने पुढे केलेल्या माझ्या खुर्चीत बसून, साखर विरघळून गेली तरी कॉफी ढवळत होते.