अंग एका घरी, हाडं दुसऱ्या घरी

मी तंबू बोलतोय. दोन माणसांचा तंबू. माझ्या पिशवीवर तसं छापलेलंच होतं. पण ती दोन माणसं कोणत्या मापाची निघतील याचा विचार छापणाऱ्यानं केलेला नसावा. माझ्या नशिबी आलेल्या दोघांपैकी एक इतका उंच, की झोपला की त्याचे पाय माझ्या दाराबाहेर. दुसरा इतका गोल, की उरलेली सगळी जागा त्याची. उंचाला सगळे शिडी म्हणत आणि गोलाला ढब्बू.

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक खोलीत ओळीनं शिलाई मशीनं होती, त्यातल्या एका मशीनवरच्या बाईनं मला शिवलं. शिवताना ती शेजारणीला आपल्या सुनेचे प्रताप सांगत होती, पण तिचा हात काही चुकला नाही. पाणी आत येऊ नये म्हणून तिनं प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवली. तिची एकही शिवण आजवर उसवलेली नाही. पुढे माझं जे काही झालं त्यात तिचा दोष नाही.

शिडी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. ढब्बूची स्वतःची लहानशी बेकरी होती. दोघे शाळेपासूनचे दोस्त. त्यांनी मला मिळून विकत घेतलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आतच प्रश्न पडला, की मी राहायचं कुणाकडे? रस्त्यात उभं राहून बरीच हुज्जत घातल्यावर शिडीनं तोडगा काढला. कापड ढब्बूकडे, काठ्या शिडीकडे. म्हणजे एकाला सोडून दुसऱ्याला कधी जाताच येणार नाही. ढब्बूला हे इतकं आवडलं, की त्यानं तिथंच शिडीच्या पाठीत धपाटा घातला. माझं मत कुणी विचारलं नाही. अंग एका घरी नि हाडं दुसऱ्या घरी, असा माझा संसार सुरू झाला.

एक नियमही ठरला. तंबू ओला घडी करून ठेवला की त्याला बुरशी लागते. म्हणून भटकंतीवरून परतलं की ढब्बूनं मला गच्चीवर पसरायचं, आणि मी वाळलो की शिडीला फोन करून एवढंच सांगायचं, "वाळला." तो फोन आला की मगच शिडी आपली सॅक माळ्यावर टाकायचा. तोवर त्याच्या लेखी भटकंती संपलेली नसायची.

कुठे कुठे नेलं मला त्यांनी! डोंगराच्या सोंडेवर, नदीच्या वाळूत, आणि एकदा तर थेट गुरांच्या वाटेवर. तिथे सकाळी एक गाय माझी दोरी चघळत उभी होती. शिडी नकाशा उलटा धरूनही छातीठोकपणे सांगायचा, की वाट हीच. ढब्बू त्याच्या अकलेचे वाभाडे काढायचा आणि तरीही त्याच्याच मागून चालायचा.

माणसांची एक गंमत मला तेव्हाच कळली. हे दोघे बुटाच्या नाडीवर तासभर बोलू शकत. पण ढब्बूचे वडील गेले, त्यानंतरच्या भटकंतीत शिडीनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यानं फक्त ढब्बूची सॅक उचलली आणि दिवसभर दोन्ही सॅक एकट्यानं वाहिल्या. ढब्बूनंही ती परत मागितली नाही.

मग तो उतार आला. आदल्या दिवशी पावसानं झोडपलेलं, मी चिंब भिजलेला. शिडीनं नाल्याच्या कडेनं जवळची वाट शोधून काढली. ढब्बू नको नको म्हणत होता, पण नेहमीसारखा मागून गेलाच. ओल्या दगडावरून त्याचा पाय सटकला आणि गुडघा असा पिरगळला, की त्याला उभंही राहता येईना. शिडीनं स्वतःची सॅक तिथेच टाकली, ढब्बूची छातीशी अडकवली आणि ढब्बूला पाठीवर घेतलं. गाडीरस्ता लागेपर्यंत तो ठेचकाळत, थांबत, पुन्हा उठत चालत राहिला. मी त्या सॅकमध्ये होतो. त्याचं काळीज माझ्या अंगावर धडधडत होतं.

दवाखान्यात ढब्बूची बायको धावत आली. शिडी तिला वहिनी म्हणायचा आणि तिच्याकडे हक्कानं जेवायला बसायचा. त्या दिवशी ती पार भेदरलेली होती. ती म्हणाली, "भावजी, यांना धड परत आणायचं, एवढं तरी करायचं होतंत." शिडी मान खाली घालून निघून गेला.

मी घरी आलो तो तसाच ओला, आणि थेट पलंगाखाली गेलो. ढब्बूचा पाय प्लॅस्टरमध्ये, गच्चीचा जिना त्याला कुठून चढवणार? डॉक्टरांनी तर सांगून टाकलं, की डोंगर आता विसरा. मी वाळलो नाही म्हणून ढब्बूनं फोन केला नाही, आणि फोन आला नाही म्हणून शिडी थांबून राहिला. ढब्बूला वाटलं, गुडघा गेला तसा मित्रही गेला, लंगड्याला आता कोण विचारतो. शिडीला वाटलं, त्या घरात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. टाकलेली सॅक आणायला तो दुसऱ्या दिवशी एकटाच त्या नाल्यात गेला होता, हे मला पुढे काठ्यांकडून कळलं. ती सॅक त्याच्या दाराशी भरलेलीच लटकत होती. घरचे येता-जाता तिला धडकायचे, तरी तो ती माळ्यावर टाकू देईना.

एक उन्हाळा गेला, दुसरा आला. मी पिशवीत कुजत होतो. खरं सांगतो, मला त्या दोघांचा फार राग आला होता.

शेवटी माझा वास सुटला. वहिनीनं उंदीर मेला असेल म्हणून घर पालथं घातलं, तेव्हा मी सापडलो. अंगभर काळे डाग. आता रवानगी कचऱ्यात, असं मी धरून चाललो. पण तिनं मला गच्चीवर नेलं, कोमट पाण्यानं घासून काढलं आणि उन्हात पसरलं. ढब्बू कठडा धरून एकेक पायरी चढत वर आला आणि माझ्याशेजारी बसून राहिला. मी वाळल्यावर, फोन करायचा नाही का, असं तिनं विचारलं. आता कोणत्या तोंडानं करू, असं तो पुटपुटला.

तिनं तिथंच उभं राहून स्वतः फोन लावला. पलीकडून आवाज आला. दवाखान्यातलं बोलणं तिलाही डाचत असणार. ती एवढंच म्हणाली, "भावजी, वाळला."

शिडी दुकानातून उठून तसाच आला. खांद्यावर काचा पुसायचं फडकं, काखेत काठ्या. त्यानं काठ्या जोडल्या, ढब्बूनं बसल्या बसल्या त्या माझ्यात सरकवल्या. कितीतरी दिवसांनी माझ्या अंगात हाडं आली. मी उभा राहिलो तेव्हा मला इतका आनंद झाला, की त्या दोघांवरचा राग कुठल्या कुठे गेला. चहा आणते म्हणून वहिनी खाली गेली, तेव्हा शिडी म्हणाला,

"त्या वाटेनं मीच नेलं तुला."

"आणि पाठीवर घालून खाली कुणी आणलं?" ढब्बू म्हणाला. "गुडघ्याचं काही नाही रे. तू आला नाहीस, ते लागलं मला."

माझ्या दाराची चेन अडकलीय असं शिडी म्हणाला आणि वाकून कितीतरी वेळ ती ओढत राहिला. चेन चांगली चालत होती. ढब्बूलाही ते माहीत होतं.

आता ते गाडी पोचते तिथवरच जातात. तळ्याकाठची सपाट जागा बघून मला उभा करतात आणि समोरच्या डोंगराकडे बघत भांडतात, की वाट डावीकडून की उजवीकडून. माझं कापड उन्हानं विरलंय, बुरशीच्या डागांतून पाणी ठिबकतं. नवा तंबू घेऊ, असं वहिनी म्हणते. दोघे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

मी काही फार दिवसांचा सोबती नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. जाता जाता तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्या घरात एखाद्या दोस्ताचं काही पडून असेल, तर ते आज उचला आणि त्याच्या दारी नेऊन द्या. पाळी त्याची असली तरी तुम्ही जा. नाहीतर तो तुमच्यासाठी थांबतो, तुम्ही त्याच्यासाठी थांबता, आणि कुजायचं मात्र आम्ही.