नाही गं, काही हलत नाहीये

आमच्या घरात चार वर्षं दिवसातून एकदा तरी एक प्रश्न विचारला जायचा. "हलतंय का गं?" समोर बाबा असले तर, "हलतंय का रे?"

विचारणारी माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. ती आमच्याकडेच राहते आणि पुढच्या खोलीत बसून दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या हाताने रंगवते. चार वर्षांपूर्वी तिला चक्करीचा त्रास सुरू झाला. साधी चक्कर नाही, आख्खी खोली होडीसारखी डुलायची. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो रुसलाय. मग त्यांनी एक युक्ती सांगितली. हलल्यासारखं वाटलं की जवळच्या माणसाला विचारायचं. तो 'नाही' म्हणाला की समजायचं, ही चक्कर. मग घाबरायचं नाही, घाईघाईने बसायचं-उतरायचं नाही, समोरच्या एका ठिपक्यावर नजर लावायची आणि आहे तिथेच स्थिर उभं राहायचं. मिनिटभरात जाते.

आणि जायचीच. कारण आम्ही लगेच 'नाही' म्हणायचो. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, बाबा दाढी करता करता म्हणायचे. मी दात घासत असले तर नुसती मान हलवायचे. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "तुमच्याकडे काय रोज निवडणूक असते का? हो का नाही, हो का नाही!"

मी म्हटलं, "निवडणूक कसली काकू, आमच्याकडे 'नाही' बिनविरोध निवडून येतं."

खरंच, 'हो' म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. भूकंप आमच्याकडे होत नाहीत. भूगोलाच्या पुस्तकातल्या भूकंपाच्या नकाशात आमचा भाग इतका फिकट आहे, की तो रंगवायचाच राहिलाय असं वाटतं.

आता माझ्याबद्दल थोडं. (थोडं म्हणजे माझ्या मानाने थोडं.) मागच्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'हजर' इतकं हळू म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागली. आत्या मला 'मुके' म्हणून हाक मारायची. यंदा बाईंनी वक्तृत्व स्पर्धेत जबरदस्तीने नाव घातलं, मी उभी राहिले, आणि काय झालं देव जाणे, तोंड उघडलं ते आजतागायत मिटलेलं नाही. पहिला नंबर! आत्याने त्याच संध्याकाळी माझं नाव बदललं. मुकीची झाले 'भोंगा'. मला ते नाव जाम आवडलं होतं.

तर तो शनिवार. शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मी घरी. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला गेलेली, बाबा लिफ्ट दुरुस्तीच्या. मी पुढच्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर मोठ्या स्पर्धेची तयारी करत होते. आंतरशालेय! माझ्या मागे आत्याने 'सावकाश चालवा, पुढे शाळा आहे' ही पाटी संपवली होती. ओल्या पाट्या ती वरच्या फळीवर वाळत ठेवते, त्यासाठी स्टुलावर चढावं लागतं. घरात कुणी असल्याशिवाय चढायचं नाही, हा बाबांचा नियम.

"भोंगाबाई, मी चढतेय हं."

"चढ, चढ."

मी माझ्या भाषणातल्या सगळ्यात भारी वाक्यावर आले होते. मूठ वर करून म्हणत होते, "आम्ही मुली आता गप्प बसणार नाही!"

"हलतंय का गं?"

"नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा मूठ वर केली. आरशात माझी मूठ थरथरत होती. खांदेही थरथरत होते. आख्खी मीच आरशात बारीक थरथरत होते, आणि मला ते फार आवडलं. मनात म्हटलं, जोश असावा तर असा!

"नीट बघितलंस का? आज काहीतरी वेगळंच वाटतंय."

"नाही गं, काही हलत नाहीये! शंभर टक्के! सारखं मधे बोलू नकोस ना, मी वाक्य विसरते."

"बरं बाई," आत्या म्हणाली.

आणि ती डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे उभी राहिली. डावा तळवा भिंतीला, नजर एका ठिपक्यावर. स्टुलावरच. उतरली नाही, कारण घाईने उतरायचं नसतं. मी तेव्हा तिच्याकडे बघितलं नव्हतं, पण ती कशी उभी असेल हे मला पाठ आहे.

मग आवाज आला. खालून, जणू घराखालून मालगाडी चाललीय. कपाटाचं दार माझ्या अंगावर आलं, रंगाचे डबे टेबलावरून उड्या मारायला लागले, दिवा छतावर आपटून फुटला. मी वळले तेव्हा स्टूल आडवं होतं आणि आत्या जमिनीवर.

पुढचं सगळं मी केलं, आणि ते खरं आहे. मी तिला काखेत धरून तिच्या जाड कामाच्या टेबलाखाली ओढलं. तिच्या डोक्यावर माझे हात ठेवले. ती पाटी, ओलीच्या ओली, आम्ही मगाशी होतो तिथे दाणकन पडली. थांबल्यावर मी तिला जिन्याने खाली आणलं आणि अंगणात जमलेल्या सगळ्या माणसांना भोंग्यासारखं ओरडून सांगितलं, की भिंतीपासून लांब व्हा, गॅस बंद केला का, वर कोण राहिलंय. मोठी माणसं माझं ऐकत होती! काकू रडत म्हणाल्या, "पोर नाही, वाघीण आहे वाघीण!"

बाबा पार संध्याकाळी पोचले, कारण तीन इमारतींत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. ते मला जवळ घेऊन म्हणाले, "मी दिवसभर परक्यांना बाहेर काढत होतो, आणि माझ्या बहिणीला बाहेर काढणारी घरात होती." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खोटं कशाला बोलू.

आत्याचं डावं मनगट मोडलं होतं. उजवा, रंगवायचा हात शाबूत. प्लास्टर घालून झाल्यावर तिचे नेहमीचे डॉक्टर बघायला आले. मी शेजारीच होते.

आत्या म्हणाली, "डॉक्टर, माझी चक्कर वाढलीय. भूकंपाच्या आधीच आली होती ती. पोरीला विचारलं, ती नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, तरी नाही म्हणाली. म्हणजे चक्करच. आणि ही नेहमीसारखी गेली नाही हो, वाढतच गेली. त्यातच भूकंप झाला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तू बघितलं होतंस का नीट?"

"हो," मी म्हटलं.

एवढंच. एक अक्षर. डॉक्टरांनी गोळी बदलून दुप्पट ताकदीची दिली.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. बुधवारी विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर नागमोडी रेघ काढली. म्हणाले, भूकंप लांब असला की आधी बारीक थरथर येते, पुष्कळांना कळतही नाही, आणि मग दहा-पंधरा सेकंदांनी मोठा धक्का. "कुणाला जाणवली होती का ती थरथर?" कुणाचाच हात वर नव्हता. मला आरसा दिसला. थरथरणारी मूठ. माझा तो जोश! सगळ्या वर्गात ती थरथर डोळ्यांनी बघणारी मी एकटी होते, आणि मी हात वर केला नाही.

घरी आत्या दुपारची झोपायला लागली. नव्या गोळीने तिची जीभ जड व्हायची, चहा घेता घेता डोळे मिटायचे. ब्रश तिने हातात घेतलाच नाही. "हात चालतोय ना?" बाबांनी विचारलं तर म्हणाली, "हात चालतोय रे. पण रेघ सरळ आहे की मला सरळ दिसतेय, हे कोण सांगणार?"

मग नव्या दवाखान्याचा फोन आला. सगळ्या खोल्यांच्या पाट्या, सव्वीस, हाताने रंगवून हव्या होत्या. असं काम तिला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात पाण्याचा पेला घेऊन उभी होते आणि ऐकत होते.

"नाही हो, मनगटाचं काही नाही. माझ्या डोक्याचा भरवसा नाही राहिला. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

तेव्हा चार पावलं चालून गेले असते तर? फोन तिच्या हातातच होता. पण शुक्रवारी माझी स्पर्धा होती. स्पर्धा झाली की सांगू, असं मी ठरवलं. मन इतका नामी वकील असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. मी गप्प न बसण्याबद्दल सात मिनिटं बोलले.

भूकंपानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी शाळेतून आले, तर आत्या ब्रश धुऊन, जाडीप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधत होती. एका हाताने, दोरा दातात धरून. आमच्या चित्रकलेच्या सरांना द्यायला. आईबाबाही घरी होते. आई म्हणत होती, "ताई, थोडे दिवस थांबा ना." मी दप्तर न काढताच सगळं बोलून टाकलं. आरसा, मूठ, डॉक्टरांपुढचं 'हो', सगळं. स्पर्धेत मी एकदाही अडखळले नव्हते, इथे शब्दागणिक अडखळले.

आत्याने तोंडातला दोरा काढला. "म्हणजे खरंच हलत होतं?"

"हो."

"मी पहिल्यांदा विचारलं तेव्हापासून?"

"हो."

"म्हणजे माझं डोकं बरोबर होतं!" तिचा चेहरा एकदम इतका उजळला, की क्षणभर मला वाटलं, सुटले. मग ती बोटांवर मोजायला लागली. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं आणि उजव्या हाताची बोटं. "सतरा दिवस," ती म्हणाली. "सतरा दिवस मला वाटतंय मी वेडी होत चाललेय. आणि तू शेजारच्या खोलीत होतीस."

आईचा पारा चढला. "दिवसभर टकळी चालू असते तुझी! तेवढं एक वाक्य निघालं नाही तोंडातून?"

"असू दे गं," आत्या म्हणाली. "लहान आहे."

मला ओरडली असती तर चाललं असतं. तिने मला 'भोंगा' म्हटलं नाही. 'मुके'ही म्हटलं नाही. लहान म्हणाली.

बाबांनी लगेच दवाखान्याला फोन लावला. तिथल्या माणसाने अगदी गोड आवाजात सांगितलं, की पाट्या यंत्रावर छापून लागल्यासुद्धा. बाबांनी फोन ठेवला आणि आत जाऊन नळ सोडून उगीच हात धूत राहिले.

आता गोळी पूर्वीची झाली आहे. प्लास्टर निघालं. ब्रश सरांकडे गेले नाहीत. आत्या रंगवते, छोट्या छोट्या पाट्या. वाईट काही नाही. फक्त तिने बाबांकडून गवंडी वापरतात तसला ओळंबा मागवला. दोऱ्याला लटकवलेलं पितळेचं वजन, भिंत सरळ आहे का ते बघायचं. बाबांनी तो तिच्या टेबलासमोर छताच्या हुकाला बांधून दिला. चक्कर आल्यासारखं वाटलं की ती त्याच्याकडे बघते. वजन स्थिर असलं की चक्कर, हललं की खरं. डॉक्टर म्हणाले, "वा, हे तर मला सुचायला हवं होतं!" आईने, बाबांनी, कुणीच तक्रार केली नाही. सगळ्यांचं कामच वाचलं.

महिना झाला, घरात तो प्रश्न कुणी विचारलेला नाही. मी बाथरूममध्ये दात घासताना कान देऊन असते.

काल संध्याकाळी मी अभ्यास करत होते आणि मागे आत्याचा ब्रश थांबल्याचा आवाज आला. म्हणजे आवाज यायचा थांबला. मी वळून बघितलं. तिने डावा हात टेबलावर टेकला होता आणि ओळंबा बारीक डुलत होता. मी उठले. जमीन बघितली, दिवा बघितला, पेल्यातलं पाणी बघितलं, आरसासुद्धा बघितला. काहीही हलत नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं, खिडकी उघडी होती.

"वारा आहे, आत्या," मी म्हटलं. "मी सगळं बघितलं. खिडकी उघडी राहिलीय, एवढंच."

"हो का," आत्या म्हणाली, अगदी प्रेमाने.

मी जाऊन खिडकी लावली. ती ओळंब्याकडे बघत राहिली, तो पुरता थांबेपर्यंत. मग तिने ब्रश उचलला.